बर्फावरील नऊ क्रमांक

ज्यांच्या आडनावात 'ळ' आहे अशा मराठी माणसाने एकदा नर्मदा ओलांडून उत्तरेस बदली घेतली की त्याचे नाव पुरते त्याचे राहत नाही. जोशी-कुलकर्ण्यांचे फारसे बिघडत नाही. परंतु काळ्यांचे 'काले' होतात, गोळ्यांचे 'गोले' होतात, आणि पगारपत्रकावर एकदा तसे चढले म्हणजे निवृत्तिवेतनाच्या कागदापर्यंत ते तसेच चालते. प्रारंभी आपण दुरुस्ती सुचवितो, पुढे हसतो, आणि शेवटी त्या चुकीच्या हाकेलाही ओ देऊ लागतो. ज्या खेळाडूविषयी आज आम्ही लिहीत आहोत त्याच्या नावाचीही आयुष्यभर अशीच दोन रूपे होती. त्याच्या आईने ठेवलेले नाव 'मोरिस रिशार'; पण तो ज्या संघटनेत खेळला तिच्या दप्तरी, इंग्रजी वृत्तपत्रांत आणि नभोवाणीवर तो 'रिचर्ड' होता. एका अक्षराच्या उच्चारावरून इतिहास घडत नाही हे खरे, पण ज्या शहरात ही दोन रूपे शेजारी शेजारी नांदत होती त्या शहरात १९५५ च्या मार्च महिन्यात एका रात्री जे घडले, त्याचा उलगडा या दोन उच्चारांना वगळून होत नाही.

आपणांस हॉकी म्हटले म्हणजे ध्यानचंद आठवतात, आणि मॉन्ट्रियल म्हटले म्हणजे १९७६ चे ऑलिंपिक, जेथे हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. कॅनडात मात्र हॉकी या शब्दाचा अर्थच बर्फावरील हॉकी. ज्यांची शिमल्यास बदली झाली असेल त्यांनी लक्कड बाजाराखालचे १९२० पासूनचे स्केटिंगचे मैदान पाहिले असेल. लेहला तर लोक गोठलेल्या तळ्यावर हा खेळ खेळतात. दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद असे बर्फाचे अंगण, भोवती लाकडी कठडा, प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सहा गडी, आणि चेंडूच्या जागी तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची रबरी चकती. गोलाची चौकट अवघी सहा फूट रुंद व चार फूट उंच. पायांत पोलादी पात्यांचे जोडे असल्याने गडी धावत नाहीत, सुटतात. आणि अंगावर अंग घालणे हा येथे अपराध नसून खेळाचा भाग आहे. कोठे तो भाग संपतो आणि कोठे अपराध सुरू होतो, हे पंचाने ठरवावयाचे. पुढील कथेचा पेच नेमका येथेच आहे.

रिशारचा जन्म ४ ऑगस्ट १९२१ रोजी मॉन्ट्रियल येथे झाला. घराणे मूळचे सेंट लॉरेन्सच्या मुखाजवळील गास्पे प्रदेशातले. वडील ओनेझिम हे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते. महामंदीत ती नोकरी गेली व घराने सरकारी मदतीवर दिवस काढले. आठ भावंडांत मोरिस सर्वांत थोरला. शाळा सोडून तोही वडिलांप्रमाणे यंत्रकामाकडे वळला, आणि उरलेल्या वेळी मिळेल त्या संघातून खेळू लागला. कधी कधी तर टोपणनावाने, कारण एकाच वेळी अनेक संघांतून खेळावयाचे असे.

व्यावसायिक खेळाच्या उंबरठ्यावर त्याच्या वाट्यास प्रथम आली ती अपघातांची मालिका. १९४० मध्ये डावा घोटा मोडला, पुढील हंगामात मनगट मोडले. १९४२ मध्ये 'मॉन्ट्रियल कॅनेडियन्स' या नामांकित संघात प्रवेश मिळाला, पण सोळा सामन्यांत पाच गोल करून होतात न होतात तोच डिसेंबरात उजवा घोटा गेला. 'हा मुलगा काचेचा आहे' असे लोक बोलू लागले. युद्धाचे दिवस होते. त्याने सैन्यात भरती होण्याचा प्रयत्न केला, तर क्ष-किरण चित्रांत नीट न जुळलेली हाडे पाहून डॉक्टरांनी त्यास परत पाठविले. पुढे यंत्रकारागीर म्हणून तरी घ्यावे असे त्याने म्हटले, तेव्हा प्रमाणपत्र नाही हे कारण निघाले. कारखान्यात वर्षे घालविलेल्या माणसास कारागिरीचा दाखला मागण्यात आला! कचेरीत वावरणाऱ्या वाचकांस याचे नवल वाटणार नाही. तो बिचारा तांत्रिक शाळेत दाखल झाला. परंतु दाखला हाती येण्यापूर्वीच युद्ध संपले.

तोपर्यंत बर्फावर वेगळाच इतिहास घडून गेला होता. डिक अर्विन या प्रशिक्षकाने एक साधी गोष्ट हेरली. रिशार डावखुरा होता, म्हणून सर्वजण त्यास डाव्या बगलेवर खेळवीत. अर्विनने त्यास उजवीकडे नेले. उजव्या बाजूने आत वळताना डावखुऱ्याची काठी गोलाच्या अंगास येते व कोन मोठा मिळतो. मध्यभागी एल्मर लाक, डावीकडे टो ब्लेक आणि उजवीकडे रिशार अशी तिघांची फळी जमली; १९४३-४४ च्या हंगामात रिशारने ३२ गोल केले आणि मॉन्ट्रियलने तेरा वर्षांनंतर स्टॅन्ली चषक जिंकला. त्याच वर्षी २३ मार्चला टोरोंटोविरुद्ध मॉन्ट्रियलने पाच गोल केले, ते पाचही रिशारचे. प्रत्येक सामन्यानंतर तीन उत्कृष्ट खेळाडूंची नावे पुकारण्याची प्रथा होती. त्या रात्री तीनही वेळा एकच नाव पुकारले गेले. नऊ हा क्रमांकही याच सुमारास आला. पहिली मुलगी जन्मली ती नऊ पौंड वजनाची, म्हणून बापाने पाठीवरील पंधरा टाकून नऊ मागून घेतले.

पुढचा १९४४-४५ चा हंगाम म्हणजे या खेळातील दंतकथाच. डिसेंबरात एके दिवशी त्याने बिऱ्हाड बदलले, दिवसभर सामान वाहिले, आणि रात्री डेट्रॉइटविरुद्ध पाच गोल स्वतः करून आणखी तिघांस हातभार लावला. एका सामन्यात अर्ल सीबर्ट हा दोनशे पौंडांहून अधिक वजनाचा बचावपटू त्याच्या पाठीवर अक्षरशः लादला गेला. रिशार त्याला तसाच वाहून गोलापर्यंत गेला आणि गोल करूनच थांबला. हंगामात सामने पन्नास. जो मलोनचा जुना विक्रम ४४ गोलांचा होता, तो फेब्रुवारीतच मागे पडला. मग ४९ वर गाडी अडली. अखेर १८ मार्चला, बोस्टन येथे, शेवटच्या सामन्यात, अडीच मिनिटांहूनही कमी वेळ उरला असता पन्नासावा गोल झाला. पन्नास सामन्यांत पन्नास गोल. युद्धामुळे चांगले खेळाडू रणांगणावर होते म्हणून हे साधले, असे काही जण म्हणत, आणि पुढल्या वर्षी त्याचे गोल २७ वर उतरले तेव्हा त्यांना जोर चढला. पण १९४६-४७ मध्ये, सर्व सैनिक परतल्यावर, त्याने ४५ गोल करून सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान मिळविला. पन्नास सामन्यांत पन्नास गोल पुन्हा पाहावयास १९८१ साल उजाडावे लागले.

त्याच्या खेळाचे वर्णन करणारे सर्वजण एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात, ती म्हणजे त्याचे डोळे. निळ्या रेषेपासून गोलापर्यंतच्या साठ फुटांत तो जसा खेळे तसा दुसरा कोणी खेळला नाही, हे त्याचे शत्रूही मान्य करीत. गोलरक्षकांना त्या काळी मुखवटाही नसे. तो आणला रिशारच्याच संघातील झाक प्लांत याने, १९५९ मध्ये. तेव्हा उघड्या चेहऱ्याने उभ्या असलेल्या गोलरक्षकास त्या डोळ्यांकडे पाहून काय वाटत असेल याची कल्पनाच करावी. 'रॉकेट' हे टोपणनाव त्याला मिळाले ते सरावाच्या वेळी सोबत्यांच्या तोंडून.

अशा खेळाडूस अडविण्याचा एकच उपाय प्रतिस्पर्ध्यांना ठाऊक होता, तो म्हणजे त्यास खेळूच न देणे. काठीने ओढणे, सदरा धरणे, कोपर मारणे, शिव्या देणे. शिव्या बहुधा त्याच्या फ्रेंचपणावरून. पंच पाही तेवढ्याची शिक्षा होई, आणि पंच पुष्कळ वेळा पाहत नसे. रिशार मात्र जे करी ते उघड, सर्वांच्या समोर आणि संतापाच्या भरात. त्यामुळे दप्तरात त्याच्या नावापुढे दंडाच्या नोंदी साठत गेल्या, आणि त्या संतापाआधी काय झाले त्याची नोंद कोठेच राहिली नाही.

येथे मॉन्ट्रियल शहराविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. क्वेबेक प्रांतात बहुसंख्या फ्रेंच भाषिकांची, मॉन्ट्रियलमध्येही तीच. पण बँका, कारखाने, मोठी दुकाने व त्यांतील वरच्या जागा इंग्रजी भाषिकांकडे. फ्रेंच माणूस आपल्याच शहरात मुकादमाच्या हुद्द्यापर्यंत चढे व तेथे थांबे. १९६० नंतरच्या दशकात केंद्र सरकारच्या द्विभाषिकत्व आयोगाने प्रांतातील उत्पन्नांची तुलना केली, तेव्हा फ्रेंच वंशाचे लोक जवळजवळ तळाशी आढळले. खेळाच्या संघटनेतही तोच प्रकार. 'नॅशनल हॉकी लीग'चे त्या काळी सहा संघ. अध्यक्षांची कचेरी मॉन्ट्रियलमध्येच, परंतु सारा कारभार इंग्रजीत. रिशार संघात आला तेव्हा त्यास इंग्रजी जेमतेम येत होते. जो समाज कचेरीत व कारखान्यात गप्प बसे तो शनिवारी रात्री 'फोरम' क्रीडागृहात, आणि जागा न मिळे तो घरी नभोवाणीपाशी, आपल्यांपैकी एक जण सर्वांस मागे टाकून जाताना ऐके. रॉक कारिए या लेखकाने १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कथेत असे एक खेडे रंगविले आहे, जेथे एकूण एक मुलगा पाठीवर नऊ क्रमांक घालून खेळतो.

संघटनेचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल हे सामान्य गृहस्थ नव्हते. ऑक्सफर्डला ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर शिकलेले वकील, स्वतः पूर्वी या खेळातील पंच, युद्धानंतर युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत काम केलेले अधिकारी, आणि १९४६ पासून अध्यक्ष. शिस्तीचे कडक. १९५४ च्या जानेवारीत एका फ्रेंच साप्ताहिकातील आपल्या नावाच्या सदरात रिशारने त्यांस हुकूमशहा म्हटले; सदर लिहून देणारा दुसराच होता, पण नाव रिशारचे. कॅम्पबेल यांनी माफी लिहून घेतली आणि चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून हजार डॉलर ठेवून घेतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टोरोंटोच्या एका खेळाडूशी झालेल्या मारामारीत रिशारचा हात रेषापंचासही लागला. अडीचशे डॉलर दंड झाला.

मग १३ मार्च १९५५. बोस्टनचा सामना. हॅल लेको हा बोस्टनचा बचावपटू, पूर्वीचा रिशारचाच सोबती. त्याची काठी रिशारच्या डोक्यास लागली. पुढे तेथे पाच टाके पडले. पंचाने हात वर करून दंडाची खूण केली, पण चकती मॉन्ट्रियलकडे असल्याने खेळ चालू ठेवला. शिटी वाजताच रिशार लेकोवर धावला व काठी त्याच्या अंगावर मोडली. रेषापंच क्लिफ थॉम्पसन याने त्यास मागून धरले, तो सुटला, पुन्हा धरले. अखेर रिशारने वळून थॉम्पसनला दोन ठोसे लगावले. डोक्यातून रक्त वाहत होते, धरणारा बोस्टनचाच खेळाडू आहे असे आपणांस वाटले, असे त्याचे म्हणणे. बोस्टनचे पोलीस त्याला पकडण्यास कपडे बदलण्याच्या खोलीपर्यंत आले, तेव्हा सोबत्यांनी दार अडवून धरले.

१६ मार्चला कॅम्पबेल यांच्या कचेरीत चौकशी झाली. रिशार इस्पितळातून आला होता. त्याच दिवशी दुपारी निकाल लागला: हंगामाचे उरलेले तीन सामने आणि त्यानंतरच्या चषकाच्या सर्व सामन्यांतून रिशारला वगळण्यात येत आहे. लेकोला सामन्यातील दंडापलीकडे काही नाही.

या आदेशाविषयी आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आमचा जन्म टिप्पण्या लिहिण्यात चालला आहे, आणि तो कागद केवळ कागद म्हणून पाहिला तर त्यात दोष काढता येत नाही. कर्तव्यावर असलेल्या पंचावर हात टाकणे हा गंभीर अपराध; तीन महिन्यांपूर्वी तसाच प्रकार झालेला; तेव्हा सौम्य शिक्षा दिलेली; आरोपीस समक्ष ऐकून घेतलेले; कारणे लिहिलेली. कोणत्याही अपिलात टिकेल असा तो आदेश होता. परंतु फाइलीत जे नाही ते घडलेच नाही, असे धरून लिहिलेला प्रत्येक आदेश असा निर्दोषच दिसतो. बारा हंगाम त्या माणसाला जे ओढले, ठोसले आणि शिवीगाळ केली गेली, त्याचे प्रतिवृत्त कोणी सादर केले नव्हते, म्हणून ते अध्यक्षांच्या मेजावर कधी आलेच नाही. त्याने उलट केलेला प्रत्येक वार मात्र तारीखवार हजर होता. कॅम्पबेल यांनी अन्याय करावयाचा ठरविले होते असे आम्हांस वाटत नाही. ते स्वतःही संघमालकांनी नेमलेले नोकर होते. मात्र पंचांच्या डोळ्यांआड काय चालते हे विचारण्याचा अधिकार त्यांस होता, आणि स्वतः पंच राहिलेल्या त्या गृहस्थाने तो वापरला नाही. आमच्या मते आदेश बरोबर होता, आणि न्याय झाला नाही.

दुसऱ्या दिवशी फोरमवर डेट्रॉइटशी सामना होता. अध्यक्षांस धमक्या येत होत्या. तरीही ते आले, आणि पहिल्या सत्राच्या मध्यावर, सर्वांच्या देखत, आपल्या ठरलेल्या जागी सचिव बाईंसह जाऊन बसले. हे धैर्य की अविचार? महापौर झां द्रापो यांनी पुढे त्यास चिथावणी म्हटले. कायद्याने त्यांना तेथे बसण्याचा अधिकार होता यात शंका नाही. दौऱ्यावर असता अशा अधिकारांचा वापर करून गाव पेटविणारे अधिकारी आपणही पाहिले आहेत. टोमॅटो, अंडी, रबरी जोडे यांचा वर्षाव सुरू झाला. एक तरुण हस्तांदोलनाच्या मिषाने जवळ आला आणि त्याने अध्यक्षांवर हात उगारला. सत्र संपता संपता अश्रुधुराचा गोळा फुटला. अग्निशामक दलाच्या प्रमुखाने क्रीडागृह रिकामे करावयास लावले. डेट्रॉइट ४-१ ने पुढे होते. सामना त्यांस बहाल करण्यात आला. बाहेर आधीच जमाव होता, त्यात आतले हजारो मिळाले, आणि सेंट कॅथरिन रस्त्यावर मध्यरात्रीनंतर कित्येक तास काचा फुटत राहिल्या, दुकाने लुटली गेली. पोलीस धरून सदतीस जण जखमी झाले. नुकसान एक लाख डॉलरच्या घरात गेले. रिशार स्वतः त्या संध्याकाळी फोरममध्येच, गोलामागील जागेवर, प्रेक्षक म्हणून बसला होता.

१८ मार्चच्या संध्याकाळी तो नभोवाणी व दूरचित्रवाणीवर बोलला, प्रथम फ्रेंचमध्ये व मग इंग्रजीत. आपण शिक्षा स्वीकारतो, पुढील वर्षी परत येऊ, लोकांनी शांत राहून संघास पाठिंबा द्यावा, एवढेच त्याचे सांगणे. शहर शांत झाले. ज्या माणसास संयम नाही म्हणून शिक्षा झाली होती, त्याच्याच संयमाने ते शांत झाले.

त्या वर्षी गुणांच्या यादीत रिशार पहिला होता. हा एकच मान त्यास उभ्या आयुष्यात कधी मिळाला नव्हता. उरलेल्या सामन्यांत त्याचाच सोबती बर्नार जॉफ्रिओं ७५ गुणांवर पोचला. रिशार ७४ वर राहिला. जॉफ्रिओंही फ्रेंच, मॉन्ट्रियलचाच. पण आपल्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. त्याने गोल करू नयेत अशी लोकांची अपेक्षा होती! जमावाच्या न्यायाचा हा नमुना आदेशाच्या न्यायाहून काही बरा नव्हता. अंतिम फेरीत मॉन्ट्रियल डेट्रॉइटकडून सातव्या सामन्यात हरले.

दंगलीनंतर चार दिवसांनी आंद्रे लोरांदो यांनी 'ल दवुआर' या दैनिकात लेख लिहून, जमाव खेळाडूसाठी नव्हे तर स्वतःच्या जातीसाठी उठला, असा अर्थ लावला. १९६० मध्ये प्रांतात सत्तांतर होऊन जी 'शांत क्रांती' सुरू झाली, जिच्या ओघात पुढे १९६९ चा केंद्राचा राजभाषा कायदा व १९७७ ची प्रांताची फ्रेंच भाषा सनद आली, तिचे पहिले पाऊल म्हणजे ही दंगल, असे पुढे अनेकांनी लिहिले. आम्हांस हे जरा जास्तच सोपे वाटते. दुकाने लुटणाऱ्यांच्या मनात भाषा सनद नव्हती. रिशार तर राजकारणापासून दूर. उलट ज्यांच्या राजवटीविरुद्ध ती क्रांती झाली त्या द्युप्लेसी यांच्याच बाजूने तो निवडणुकांत उभा राहिलेला. 'मी केवळ हॉकीपटू' असेच तो शेवटपर्यंत सांगे. पण वर्षानुवर्षे न बोललेली गोष्ट लोक कोणाच्या नावाने बोलून टाकतील याचा नेम नसतो, एवढे मात्र त्या रात्रीवरून दिसते.

पुढे टो ब्लेक, तोच जुना फळीतला सोबती, प्रशिक्षक झाला. रिशारपेक्षा साडेचौदा वर्षांनी धाकटा भाऊ आंरी संघात आला. आणि १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे चषक मॉन्ट्रियलला राहिला. १९ ऑक्टोबर १९५७ रोजी रिशारने पाचशेवा गोल केला. असे करणारा तो पहिलाच. त्यानंतर पायाची शीर तुटली, वजन वाढले, वेग गेला. १५ सप्टेंबर १९६० ला सकाळच्या सरावात त्याने चार गोल केले आणि संध्याकाळी निवृत्ती जाहीर केली. ९७८ सामने, ५४४ गोल, आठ चषक.

निवृत्तीनंतर क्लबाने मानाचे पद दिले. पदास नाव होते, काम नव्हते. आपले नाव तेवढे हवे आहे हे कळल्यावर त्याने १९६५ मध्ये ते सोडले, आणि मासेमारीच्या दोऱ्या, घरगुती जळणाचे तेल अशा वस्तूंचा व्यापार करून संसार चालविला. १९७२ मध्ये क्वेबेकच्या एका नव्या संघाचा प्रशिक्षक झाला, तो दोन सामन्यांपुरता. क्लबाशी पुन्हा गोडी झाली ती पुष्कळ वर्षांनी.

११ मार्च १९९६ रोजी जुने फोरम बंद झाले तेव्हा सर्व हयात वीरांस बर्फावर बोलाविले. रिशारचे नाव पुकारताच लोक उभे राहिले आणि सात मिनिटांहून अधिक काळ टाळ्या थांबेनात. तो हात हलवून पुरे म्हणत होता, डोळे पुशीत होता. २७ मे २००० ला तो वारला. अंत्यदर्शनास एक लाख पंधरा हजारांवर माणसे आली, आणि क्वेबेक सरकारने एका खेळाडूस प्रथमच शासकीय इतमामाने निरोप दिला.

२००२ मध्ये कॅनडाने पाच डॉलरची नवी नोट काढली. तीवर बर्फात खेळणारी मुले आहेत, एकाच्या पाठीवर नऊ क्रमांक, आणि कारिए यांच्या त्या कथेतील मजकूर फ्रेंच व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापला आहे. ती नोट २०१३ पर्यंत छापली गेली; नंतरच्या नोटेवर अंतराळातील यंत्राचा हात आला.